भोकं नसलेली चाळणी

मामा : माझं मशीनशी वैर नाही. अख्खी नोकरी मी यंत्रांच्या देखभालीवर काढली, म्हणून तर विचारतोय. तुझी कॉफी पंचवीस-तीस सेकंदांत कपात पडते. त्यानंतर तू तो दांडा काढून चोथा ठोकतेस, चाळणी धुतेस, वाफेची नळी पुसतेस, पुन्हा पाणी सोडतेस, खालचा ट्रे रिकामा करतेस. मी घड्याळ लावून बघितलं, पाच मिनिटं गेली. शिवाय रविवारी पावडर टाकून वेगळी धुलाई, आणि काही महिन्यांनी आम्लाची आणखी वेगळी. कारखान्यात आम्ही एक हिशेब ठेवायचो, मशीन किती वेळ चाललं आणि त्याच्यापायी माणूस किती वेळ अडकला. त्या हिशेबात हे मशीन बसत नाही. आमच्याकडे साताऱ्याला पितळी फिल्टर आहे. रात्री पावडर भरायची, वरून उकळतं पाणी ओतायचं, सकाळी डिकॉक्शन तयार. विसळला की झालं. ना पंप, ना वॉशर, ना वायर. कॉफीची तहान एवढ्यात भागत असेल तर स्वयंपाकघरात बॉयलर कशाला आणायचा? एस्प्रेसो मलाही आवडते, लग्नात मिळते तेवढी मला पुरते.

भाची : लग्नात मिळते ती वेगळी, मामा. इन्स्टंट कॉफी आणि साखर फेटायची, त्यात दूध ओतायचं, वाफेची नळी बुडवून फेस आणायचा आणि वरून चॉकलेटची पावडर भुरभुरायची. मलाही ती आवडते, रिसेप्शनला जेवणाआधी मी तिच्याच रांगेत असते. पण त्यात पाणी कॉफीच्या भुकटीतून दाबानं जातच नाही. ती वाफेवर गरम केलेली कॉफी आहे. मिलानमध्ये १९०१ साली बेझेरानं पेटंट घेतलं, तेव्हाचं मशीनही वाफेच्याच दाबावर चालायचं. त्याला दीडेक बारच्या पुढे जाता येत नव्हतं. गाज्जियाचं दांड्यानं स्प्रिंग दाबायचं मशीन १९४८ साली बाजारात आलं, तेव्हा दाब आठ-नऊ बारपर्यंत गेला आणि कपावर तो सोनेरी तवंग पहिल्यांदा दिसला. १९६१ च्या फाएमाच्या मशीननं हातांऐवजी पंप लावला. माझं मशीन त्याच घराण्यातलं. अठरा ग्रॅम भुकटीतून नऊ बारनं पाणी ढकलायचं आणि छत्तीस ग्रॅम कॉफी घ्यायची.

आता तुमच्या हिशेबाकडे येते. एवढ्या दाबाखाली बियांमधलं तेल सुटतं, म्हणून तर चव येते. तेच तेल मशीनलाही लागतं. कप भरला की पंप थांबतो आणि आतला उरलेला दाब एका झडपेवाटे मागे सुटतो. तो जाताना थोडं कॉफीचं पाणी आणि बारीक गाळ घेऊन जातो. म्हणजे प्रत्येक कपाला मशीन एक घोट उलटा गिळतं. मी भुकटीच्या डोक्यावरची जाळी मधला स्क्रू काढून पहिल्यांदा खाली घेतली, तेव्हा मशीन घेऊन दोन महिने झाले होते. वरून जाळी चकचकीत होती. उलटी केली तर मागे काळपट चिकट थर, बोटानं ओढला तर डांबरासारखा ओढला गेला. वास होता खवट तेलाचा, दिवाळीत तळणीचं तेल महिनाभर झाकून ठेवल्यावर येतो तसा. दोन महिने सगळं पाणी त्याच्यातून गाळून येत होतं आणि मी दोष देत होते बियांना. त्यामुळे धुणं हे कॉफी झाल्यानंतरचं काम आहे असं मला आता वाटत नाही. चव आणि मळ एकाच पदार्थाचे आहेत. उद्याची कॉफी आजच्या धुण्यापासून सुरू होते.

मामा : हे पटलं. जे डोळ्यांना दिसतं, हाताला चिकटतं, नाकाला कळतं, ते माणूस धुतो. आणि ती भोकं नसलेली चाळणी बसवून तू रविवारी पंप चालू-बंद करतेस, तेही मी बघितलंय.

भाची : हो. चिमूटभर पावडर टाकायची, दहा सेकंद पंप, मग बंद. पाण्याला पुढे वाटच नाही, म्हणून ते सगळं त्या झडपेतून मागे फिरतं आणि ट्रेमध्ये तपकिरी फेस येतो. पाच वेळा तसं, मग साध्या पाण्यानं पुन्हा पाच वेळा. फेस पांढरा होईपर्यंत. फक्त ज्या मशीनला ती मागची झडपच नाही त्यावर हा प्रयोग करायचा नाही, दाबाला सुटायला जागा नसते. आणि वाफेच्या नळीला मात्र रविवारची वाट बघता येत नाही. दूध तापवून नळी बाहेर काढली की त्याच क्षणी ओल्या फडक्यानं पुसायची आणि एकदा वाफ सोडायची. नळी थंड होताना आत पोकळी होते, ती टोकावरचं दूध वर ओढून घेते. अर्धं मिनिट विसरलात तर बाहेर दुधाची खरपुडी आणि आत नासलेलं दूध.

मामा : हे सगळं दिसणारं झालं. मला भीती वाटते ती न दिसणाऱ्याची. तुमच्या सांगलीत बोअरच्या पाण्यावरचा गिझर उघडलेला बघितलायस? कॉइल दिसतच नाही, चुन्याचं कणीस दिसतं. प्लंबर हातोडीनं टकटक करून खपल्या पाडतो. आमच्या लहानपणी तांब्याच्या बंबालाही आतून असाच थर चढायचा, आणि बाहेरून चिंचेनं घासून तो लख्ख असायचा. पाणी तापलं की त्यात विरघळलेला चुना खाली बसतो. तो उष्णता अडवतो, मग कॉइल आतल्या आत जास्त तापते आणि जाते. आता हिशेब कर. पाण्याचा कठीणपणा लिटरमागे ३०० मिलिग्रॅम धर. तू रोज अर्धा लिटर वापरतेस. सगळाच क्षार बसला तर वर्षाला ५५ ग्रॅम. सगळा बसत नाही हे मला कळतं, पाणी लगेच पुढे निघून जातं. पण वाफ काढतेस तेव्हा वाफ फक्त पाणी घेऊन जाते, क्षार मागेच ठेवते. तुझा बॉयलर केवढा?

भाची : पेल्याएवढा. पितळी, ३०० मिलिलिटरचा.

मामा : पेल्याएवढ्या भांड्यात दरवर्षी मूठभर चुना जायची सोय तू करून ठेवलीयस. मोठ्या बॉयलरला कायदा आहे, निरीक्षक येतो, झाकण उघडून आत बॅटरी मारतो, मगच पुढच्या वर्षाचा दाखला मिळतो. तुझ्या बॉयलरच्या आत आजवर कुणी बघितलंय?

भाची : नाही बघितलं. आणि याच जागी मी एकदा चांगलीच आपटलेय. पहिलं दीड वर्ष मी नळाचं आणि कधी बोअरचं पाणी सरळ टाकीत ओतत होते. प्यायला चालतं, मग मशीनला का नको, हा माझा विचार. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्याचा कठीणपणा २०० पर्यंत असावा असं आहे, आणि दुसरं पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. पण ती मर्यादा माणसासाठी आहे, पितळेच्या पेल्यासाठी नव्हे, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मग कुठेतरी वाचून लिंबूसत्त्व आणलं. लिटरला दोन मोठे चमचे, अर्धं पाणी बॉयलरमध्ये घेतलं, वीस मिनिटं थांबले, सोडलं, पुन्हा घेतलं. हिरवट पाणी आलं आणि मला फार बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मशीनमधून थेंब येईना. आतला थर विरघळला नव्हता, सुटला होता. त्याची एक खपली जाऊन झडपेच्या सुईएवढ्या भोकात अडकली होती. झडप उघडून ती टाचणीनं काढली. तांदळाच्या कणीएवढी होती. ती मी अजून एका डबीत ठेवलीय.

तेव्हापासून आम्लावरचा माझा विश्वास उडाला असं नाही, पण त्याची जागा कळली. थर पातळ असताना आम्ल काम करतं. जाड झाल्यावर ते धोंडे सोडतं. ॲल्युमिनियमचा बॉयलर असेल तर आम्ल धातूलाच खातं. पितळेतही फार वेळ ठेवलं तर त्यातलं जस्त निघतं. म्हणून मी आता उलट्या बाजूनं विचार करते. चुना काढायचा कसा, यापेक्षा तो आत जाऊच द्यायचा नाही. आरओचं पाणी तीन भाग, नळाचं एक भाग. निव्वळ आरओ नको, त्यात कॉफी चपटी लागते, चव ओढून घ्यायला पाण्यात थोडा क्षार लागतोच. तुम्ही साताऱ्याहून येताना कॅन आणता तेव्हा मात्र काहीच मिसळत नाही.

मामा : कासचं पाणी आहे ते. जांभ्या दगडाच्या पठारावर पडलेला पाऊस तलावात साठतो, त्यात चुना यायचा कुठून? आमच्या भागात ते नळाला येतं, आणि तीस वर्षांच्या पातेल्याला पांढरी रेघ नाही. पण हे तुझ्या बाजूनं बोलणं झालं नाही. साताऱ्यात जे मशीन दहा वर्षं चालेल ते सांगलीत दोन वर्षांत बसेल, आणि मशीनसोबतची पुस्तिका दोन्ही गावांना एकच मजकूर देते, तीन महिन्यांनी आम्लानं धुवा. कृष्णेच्या वरच्या अंगाचं पाणी आणि खालच्या अंगाचं पाणी, मध्ये सव्वाशे किलोमीटरही नाहीत, पण दोन वेगळे देश आहेत. आणि तुझा आरओ? एक लिटर देताना दोन-तीन लिटर तो मोरीत सोडतो. दुष्काळी जत-आटपाडीच्या बाईला हे सांगून बघ, की कपभर कॉफीसाठी मी इतकं पाणी सोडून देते.

भाची : सोडून देत नाही, बादलीत धरते. फरशी त्यावर पुसली जाते. मशीनला महिन्याला पंधरा लिटर लागतं, त्याचा सोडलेला भाग दोन-तीन बादल्या. पण तुमचा मुद्दा मी झटकत नाही. आटपाडीला राहत असते तर बहुतेक तुमचा पितळी फिल्टरच वापरला असता.

मामा : दुसरं एक सांगतो, ते जास्त गंभीर आहे. तू ते पेनासारखं मीटर पाण्यात बुडवतेस आणि आकडा बघून खूश होतेस. तो आकडा एकूण क्षाराचा आहे, चुन्याचा नव्हे. वाळवा, पलूस, मिरज, नदीकाठच्या या पट्ट्यात उसाला वर्षानुवर्षं पाटानं पाणी दिलं, निचरा केला नाही, आणि हजारो एकर जमीन क्षारपड झाली. उन्हाळ्यात शेतावर मीठ फुटल्यासारखं पांढरं दिसतं. ते मीठ विहिरीत आणि बोअरमध्ये उतरतं. मिठाचं पाणी आणि चुन्याचं पाणी, दोन्हीला तुझं मीटर एकच आकडा दाखवील. चुना थर धरतो. मीठ थर धरत नाही, ते धातू खातं. स्टीललासुद्धा बारीक खड्डे पाडतं. आता तू म्हणशील, पाणी मऊ करायचं यंत्र बसवते. त्यातले दाणे चुना काढून घेतात आणि बदल्यात सोडियम देतात, पण मिठातलं क्लोराइड जसंच्या तसं पुढे जातं. म्हणजे थर बसणार नाही, पातेलं पांढरं होणार नाही, तुला वाटेल आता काळजी मिटली, आणि आतून बॉयलर झिजत राहील. आमच्याकडे एका पंपाचं असंच झालं होतं. पांढरा डाग नाही म्हणून कुणी बघितलं नाही, आणि एके दिवशी केसिंगला हातानं ढकललं तर बोट आत.

भाची : याचं उत्तर माझ्याकडे अर्धंच आहे. कठीणपणा मोजायला मी मत्स्यालयाच्या दुकानातून थेंब टाकून रंग बघायची बाटली आणली, त्यानं चुन्याचा आकडा वेगळा कळतो. ती नव्हती तेव्हा शाळेतला साबणाचा प्रयोग करायचे. बाटलीत पाणी आणि साबणाचे थेंब घालून हलवायचं, फेस धरला तर मऊ, दही फुटल्यासारखं झालं तर कठीण. क्लोराइड मात्र मी मोजलेलं नाही. आरओ ते काढतो, म्हणून तीन भाग त्याचे, एवढाच आधार. बोअरचं पाणी पूर्ण बंद केलंय.

पण मामा, आता मी विचारते. तुम्ही सुरुवातीला म्हणालात, फिल्टर विसळला की झालं. कोण विसळतं?

मामा : म्हणजे?

भाची : मी लहानपणी सुट्टीत तुमच्याकडे यायचे तेव्हाचं मला आठवतंय. फिल्टरच्या वरच्या भांड्याची भोकं कॉफीनं बुजायची, डिकॉक्शन रात्रभर टिपकत राहायचं आणि सकाळी अर्धी वाटीच निघायची. तुम्ही म्हणायचात, पावडर बदलली वाटतं. मामी दर पंधरा दिवसांनी ते भांडं पालथं करून गॅसवर धरायची. आत अडकलेलं जळून धूर यायचा, मग ती एकेक भोक उजेडाकडे धरून बघायची आणि उरलेली सुईनं मोकळी करायची. नंतर चिंच आणि राख. तिच्या अंगठ्याला तो काळा डाग असायचा. तुमच्या हिशेबात यंत्रापायी माणूस किती वेळ अडकला, हा रकाना होता ना? त्यात मामीचा वेळ कधी मांडला होता?

मामा : नाही मांडला. खरं आहे. मला फिल्टरची भोकं बुजतात हे माहीत होतं, ती आपोआप मोकळी होत नाहीत हेही माहीत होतं. तरी मी आता तुझ्यासमोर सहज म्हणून गेलो, विसळला की झालं.

हा संवाद लिहिताना मला इथे दोघांच्या मध्ये बोलावंसं वाटतं. मशीन साधं की गुंतागुंतीचं, याच्यावर आपण फार वेळ घालवतो. आपल्या घरांत एखादी वस्तू "काही कटकट नाही" असं ज्याच्या तोंडून येतं, तो बहुतेक वेळा ती धुणारा नसतो. पाटा-वरवंट्याला टाकी लावणं, स्टोव्हला पिन मारणं, बंब घासणं, गाळणीची जाळी उजेडात धरणं, ही कामं देखभाल म्हणून कुणी मोजलीच नाहीत. एस्प्रेसोचं मशीन घरात आलं की पहिल्यांदाच धुण्याला पुस्तिका असते, वेळापत्रक असतं, त्यासाठी वेगळी पावडर विकत मिळते. म्हणून ते जास्त वाटतं. किती जास्त आहे आणि किती फक्त आता दिसायला लागलंय, हे मला अजून नीट वेगळं करता येत नाही.

भाची : मी भांडी घासायला येणाऱ्या ताईंना मशीनला हात लावू देत नाही. एकदा त्यांनी चांगल्या मनानं चाळणी तारेच्या घासणीनं लख्ख केली होती, भोकांच्या कडा गेल्या. पण खरं कारण ते नाही. हौस माझी आहे. माझ्या हौसेचा चोथा दुसऱ्या बाईनं का उचलायचा? तिला तर कपभर कॉफीही मी वर्षातून दोनदा दिली असेन. आता रोज विचारते. ती चहाच घेते.

मामा : ठीक. तुझी हौस तू धुतेस, हा तुझा मुद्दा माझ्या हिशेबाच्या वरचा आहे, मी तो मान्य करतो. पण हौस आणि जबाबदारी यांत आणखी एक माणूस लागतो, तो तुझ्याकडे नाही. मिरजेचं उदाहरण घे, तुझ्या दारात आहे. तानपुरा वाजवणारा तारा पुसतो, सूर लावतो, गवसणी घालतो, तार तुटली तर बदलतो. रोजचं सगळं त्याचं. पण वर्षं गेली की घोडीवर तारांचे चरे पडतात, आवाज बसतो, झंकार जातो. तेव्हा जवारी काढायला सतारमेकर गल्लीत जावं लागतं. कारागीर कानशीनं घोडीचा उतार घासतो, तार लावतो, ऐकतो, पुन्हा घासतो. वाजवणाऱ्यानं स्वतः घोडी घासायला घेतली तर वाद्य बिघडेल. तानपुरा शेकडो वर्षं घराघरांत टिकला तो या दोन हातांमुळे. तुझ्या मशीनला पहिला हात आहे, मन लावून करणारा आहे. दुसरा हात कुठाय? सांगलीत एस्प्रेसो मशीनची गल्ली आहे का?

भाची : नाही. गेल्या वर्षी दांड्याच्या वरचं रबर कडक झालं, बाजूनं पाणी उडायला लागलं. ज्या दुकानातून मशीन घेतलं त्यांनी सांगितलं, पुण्याला किंवा मुंबईला पाठवा, तीन आठवडे लागतील. आठ मिलिमीटर जाडीचं एक रबर, आणि तीन आठवडे! शेवटी ते मी कुरियरनं मागवलं आणि स्वतः बसवलं. जुनं निघेना, स्क्रूड्रायव्हरनं तुकडे करून काढावं लागलं. पण मामा, दुसरा हात अगदीच नाही असं म्हणू नका. टाकी कोरडी पडली होती आणि पंप नुसता घुर्र घुर्र करत होता, तेव्हा मी कुणाला फोन केला होता?

मामा : मला.

भाची : तुम्ही मशीन न बघता सांगितलंत, पंपानं हवा धरलीय, वाफेची तोटी उघडी ठेव आणि पंप चालू कर, हवा आधी निघू दे. वीस सेकंदांत पाणी आलं. तुम्हाला एस्प्रेसोचं काही माहीत नव्हतं, पण विहिरीवरच्या पंपाचं माहीत होतं. किर्लोस्करवाडी १९१० पासून या जिल्ह्यात आहे. फूटव्हॉल्व्ह, ग्लँड, वॉशर, प्रायमिंग हे शब्द इथल्या शेतकऱ्याला पाठ आहेत. माझ्या मशीनमध्ये याहून वेगळं काय आहे? छोटा पंप, छोटा बॉयलर, दोन झडपा, चार वॉशर. गल्ली नसेल, पण गल्ली व्हायला लागतं ते ज्ञान इथं पडलेलं आहे.

मामा : पडलेलं आहे म्हणून आपोआप जोडलं जात नाही. पंपवाल्याला वॉशर समोरच्या दुकानात दहा प्रकारचे मिळतात. तो चुकला तर दुसरा लावतो. चुकण्याची ही सोय असल्याशिवाय कारागीर तयार होत नाही. तुझ्या मशीनवर कुणी शिकायला बसला तर पहिलीच चूक महागात जाईल, आणि सांगली-साताऱ्यात मिळून अशी मशीनं किती असतील, त्यावर कुणाचं पोट कसं चालेल?

भाची : म्हणून तर मी वहीत लिहिते. भुकटी न भरता तीस सेकंदांत किती पाणी येतं ते दर महिन्याला वजन करून. सुरुवातीला जेवढं यायचं त्यात फार फरक नाही. चालू केल्यापासून दिवा लागेपर्यंत किती वेळ, तेही. आत बघता येत नाही तर बाहेरून जेवढं मोजता येईल तेवढं मोजायचं.

मामा : वही चांगली आहे, सोडू नकोस. पण आकडा बिघडेल तेव्हा आत बरंच काही होऊन गेलेलं असेल. त्या कणीएवढ्या खपलीच्या आदल्या दिवशी तुझे आकडे काय सांगत होते?

भाची : तेव्हा वही नव्हती. असती तरी, कदाचित, काही सांगितलं नसतं.

मामा : मग एकदा उघड. दिवाळीला मी येतो, प्लग काढून ठेव, मशीन पूर्ण थंड असू दे. चार बोल्ट आहेत. बॉयलरचे दोन भाग वेगळे करू, बॅटरी मारून बघू, थर आहे का खड्डे आहेत ते एकदाचं कळेल. त्याशिवाय तीन भाग पाणी बरोबर की चुकीचं हे तुला कोण सांगणार?

भाची : दोन भागांच्या मध्ये गॅस्केट आहे. एवढी वर्षं दाबून तापलेलं. उघडलं की ते फाटणार.

मामा : नवं मागवून ठेव.

भाची : आधी तेच शोधलं, मामा. बाकी सगळं मिळतं. त्या मापाचं ते एकच मिळत नाही.